कागदावर शून्य अपघात, पेटीत बँडेज संपलेलं: सेफ्टीच्या कामाच्या नोंदी

कारखाना छोटा आहे. पत्रा कापायचा, प्रेसवर मारायचा, वेल्डिंग, मग पॅकिंग. दोन शिफ्ट, जवळपास निम्मी माणसं कंत्राटी. माझं मूळ काम मेंटेनन्सचं, सेफ्टी वरून गळ्यात पडली. दुसरीकडे कोणी हेच काम करायला घेतलं असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून टिपून ठेवतोय. सेफ्टी पॉलिसी कशी लिहायची ते इथे मिळणार नाही, ती आमच्याकडे आधीपासून फ्रेम करून लावलेली होतीच.

८ जानेवारी

सुरुवात अपघात रजिस्टरपासून. मागच्या वर्षभरात मोजून दोन-तीन नोंदी, त्याही "किरकोळ". छान वाटलं असतं, पण स्टोअरमध्ये फर्स्ट एडच्या पेटीच्या मागणी चिठ्ठ्या बघितल्या तर बँडेज, कापूस, डोळ्यात घालायचे थेंब, भाजल्यावरचं मलम, दर महिन्याला संपतंय आणि पुन्हा भरलं जातंय. म्हणजे माणसं कापतायत, भाजतायत, डोळ्यात कण जातायत, फक्त रजिस्टरपर्यंत काही पोचत नाही. ज्याला आपल्या जागेची खरी स्थिती बघायचीय त्याने ऑडिट वगैरे नंतर करा, आधी स्टोअरवाल्याला विचारा पेटीत महिन्याला काय काय भरतोस.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. गेटजवळ मोठा बोर्ड, "अपघाताविना दिवस", आणि आकडा टिकला तर सगळ्या डिपार्टमेंटला बक्षीस. आता एकाचं बोट कापलं म्हणून बाकीच्यांचं बक्षीस जाणार असेल तर तो चिंधी बांधून गप्प काम करणार, दुसरं काय करणार.

१५ जानेवारी

बोर्ड काढायचा म्हणल्यावर मोठे साहेब तयार नव्हते, गिऱ्हाईक भेटीला आलं की पहिल्यांदा तोच बोर्ड दाखवायची पद्धत. त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक, अमेरिकेतली टेक्सास सिटीची तेल रिफायनरी, मार्च २००५, स्फोटात १५ माणसं गेली, आणि चौकशीत निघालं की हातापायाच्या दुखापतींचे आकडे चांगले दिसत होते म्हणून वरचे निर्धास्त होते. दुसरी, डीपवॉटर होरायझन, समुद्रात तेलविहीर खोदणारी रिग, २० एप्रिल २०१०. त्या दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ लोक रिगवर होते आणि कामावर येता येणार नाही अशा दुखापतीविना सात वर्षं झाली हे कौतुकही त्या भेटीत होतं, रात्री स्फोट, ११ मृत्यू. साहेबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि म्हणले आपण कुठे तेल काढतो. पण स्टोअरच्या चिठ्ठ्या रजिस्टरशेजारी ठेवल्यावर मात्र बोलणं थांबलं. बोर्ड निघाला, बक्षीसही बंद. बक्षीस बंद केल्याचा राग माणसांनी काही दिवस माझ्यावर काढला, ते अपेक्षितच होतं.

२२ जानेवारी

निअर मिस, म्हणजे थोडक्यात वाचलो असे प्रसंग, कळवायला फॉर्म केला. दोन पानी. प्रकार, वर्ग, मूळ कारण, सही, सुपरवायझरची सही. एकही आला नाही. मग फाडून एक छोटं कार्ड केलं, तीन ओळी: कुठे, काय झालं, काय केलं तर बरं होईल. नाव ऐच्छिक. पेटी लावली सुपरवायझरच्या केबिनच्या दारात, तरी कोण टाकेना, अर्थातच. तिथून काढून पाण्याच्या कूलरपाशी लावली तेव्हा कार्डं यायला लागली.

आली ती सगळी पंखा बंद, संडासात दिवा नाही, लॉकर मोडलेलं, अशी. मॅनेजर म्हणले ह्याला सेफ्टी म्हणत नाहीत, परत पाठवा. मी म्हणलं हीच आधी करूया. माणसं पेटीची परीक्षा घेत होती, कार्ड टाकून काही होतं का ते बघायला. पंखे, दिवे, लॉकर आठवड्यात केले आणि ज्या कार्डामुळे केले ते कार्ड तिथेच शेजारी चिकटवलं. त्यानंतरच्या खेपेत पहिल्यांदा आलं, "मोठ्या प्रेसचं गार्ड उघडं ठेवून चालवतात." गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं जाळीचं झाकण.

५ फेब्रुवारी

पेटी पुन्हा रिकामी. प्रेसच्या कार्डावरचं अक्षर ओळखायचा प्रयत्न झाला, "हे कोणी लिहिलं" असं शिफ्ट सुरू होताना सगळ्यांसमोर विचारलं गेलं. तिथेच सगळं संपलं. पुढचे कितीतरी दिवस वाया गेले.

सुपरवायझरला झापून काही होत नव्हतं, तो वाईट माणूस नाही. त्याच्याबरोबर बसल्यावर कळलं की त्याचा सगळा हिशोब नगांवर. प्रेस थांबला की डाऊनटाईम त्याच्या नावावर, मग कारण धोका असो की हलगर्जी. म्हणजे ज्या माणसाने मशीन थांबवायची त्यालाच थांबवण्याची शिक्षा. प्रॉडक्शन शीटमध्ये एक नवीन कोड टाकला, "सेफ्टी थांबा", आणि तो वेळ कोणाच्याच नावावर मोजायचा नाही हे साहेबांकडून लेखी घेतलं. लेखीच घ्या, तोंडी आश्वासन महिनाअखेरीला, डिस्पॅचची घाई सुरू झाली की कोणाला आठवत नाही. मॅनेजरला वाटलं होतं माणसं ह्या कोडखाली आराम करतील, तसं झालं नाही, उलट पहिले काही दिवस कोणी वापरायलाच धजेना. पहिल्यांदा त्या सुपरवायझरनेच वापरला, क्रेनच्या हूकचा लॅच (अडकवलेला माल निसटू नये म्हणून असलेली पट्टी) तुटलेला दिसला म्हणून. त्यानंतर पेटीत परत कार्डं दिसायला लागली.

१९ फेब्रुवारी

प्रेसचं गार्ड. ह्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त शिकायला पण मिळालं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधीचा इतिहास असा की गार्ड काढून चालवतात म्हणून नोटीस, मग दंड, मग गार्डच्या लिमिट स्विचला (गार्ड बसलंय का ते ओळखणारा स्विच) चिकटपट्टी, मग पट्टीबद्दल पुन्हा नोटीस. सगळ्या कागदांवर एकच कारण, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. आम्ही नुसतं शेजारी उभं राहून बघितलं. कापून उरलेली कातरण खालच्या घसरणीत (ती बाहेर सरकायचा उतार) अडकायची, शिफ्टमध्ये सारखीच अडकायची, आणि दरवेळी गार्ड उघडायला चार अॅलन बोल्ट. तो बोल्ट काढत बसला तर नग कसे होणार? त्याच्या जागी मीही पट्टीच लावली असती.

म्हणून उलट्या टोकाने गेलो. कातरण का अडकते? डायची (पत्रा कापणाऱ्या साच्याची) धार गेलेली, कापलेल्या कडेला बर म्हणजे खरखरीत कंगोरा येत होता, आणि घसरणीचा उतार कमी. डाय ठरावीक नगांनंतर ग्राइंडिंगला काढायची हे शेड्युलमध्ये टाकलं, घसरण उतरती केली, अडकणं जवळपास थांबलं. मग बोल्टच्या जागी बिजागरीचं गार्ड आणि इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडं असेल तर प्रेस चालणारच नाही. हे सगळं मिळून जो खर्च आला तो एका मोटरच्या रिवाइंडिंगपेक्षा जास्त नव्हता, दंडाच्या नोटिसा काढण्यात त्याहून जास्त पगार गेला असेल.

पहिलं नवीन गार्ड मात्र फसलं. जाळी चकचकीत, वरच्या ट्यूबलाईटचा उजेड त्यावरून डोळ्यात यायचा आणि आतला जॉबच (ज्यावर काम चाललंय तो तुकडा) दिसायचा नाही. ऑपरेटर म्हणला साहेब हे गार्ड आहे की पडदा. जाळीला काळा मॅट रंग मारल्यावर आतलं स्वच्छ दिसायला लागलं. पिवळा रंग चौकटीला ठेवा, जाळीला नको.

बाजूचा जुना प्रेस पिन क्लचचा आहे. त्यासाठी एक विक्रेता लाईट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, घेऊन आला, किरण तुटला की मशीन बंद, वगैरे. पिन क्लच एकदा सुटला की फेरा पूर्ण होईपर्यंत मधे थांबतच नाही, मग किरण तुटून उपयोग काय, हात आतच राहणार. हा प्रश्न विचारल्यावर त्याने कॅटलॉग उघडला आणि बराच वेळ चाळला. अशा प्रेसला डायभोवती पक्कं बंदिस्त गार्ड, बोट जाणार नाही एवढीच फट, आणि माल सरकवायला चिमटा, हेच केलं. तुमच्याकडे कोणता क्लच आहे ते बघितल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

तिसऱ्या प्रेसला, जो हवेच्या क्लचचा आहे, दोन हातांची बटणं होती, पण एक बटण लाकडाची खुंटी मारून कायम दाबलेलं. तिथे दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत बरोबर दाबली आणि दर फेऱ्याला दोन्ही सोडली तरच चालेल असा रिले टाकला. खुंटी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात दिसली.

५ मार्च

लॉकआऊट-टॅगआऊट, म्हणजे दुरुस्तीआधी मशीन बंद करून तिच्या स्विचला आपलं कुलूप आणि पाटी लावायची, कोणी चुकून सुरू करू नये म्हणून. कुलपं मागवली, आली, वाटली, मग लक्षात आलं सगळ्यांना एकच किल्ली लागते. परचेसने स्वस्त पडतं म्हणून तशी घेतली होती. एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली हाच सगळ्याचा पाया, त्यामुळे परत पाठवली आणि नवीन यायला बराच वेळ गेला. शिवाय निम्म्या पॅनलच्या एमसीबींना (विजेचे आपोआप पडणारे छोटे स्विच) कुलूप अडकवायला जागाच नाही, त्यांचे क्लॅम्प वेगळे घ्यावे लागतात, ते ऑर्डरमध्ये विसरलेले. ऑर्डर टाकायच्या आधी प्रत्येक स्विचपाशी जाऊन बघा.

कुलूप लावून झाल्यावर स्टार्ट बटण दाबून बघायचं ही पायरी सगळ्यांना फालतू वाटत होती. पहिल्याच कामाला कन्व्हेयर नंबर दोनचा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) बंद केला, कुलूप लावलं, बटण दाबलं, कन्व्हेयर चालू! पॅनलवरचं लेबल चुकीचं, तो आयसोलेटर ब्लोअरचा होता. कधीकाळी वायरिंग बदललं, लेबल कोणी बदललं नाही. सगळी पॅनल एकेक करून तपासून नवीन लेबलं लावली, रविवारी लाईन बंद ठेवून, आणि अख्ख्या प्रकल्पात सगळ्यात कंटाळवाणं काम हेच होतं. पण ह्याच्याशिवाय कुलपं म्हणजे शोभा.

दुसरी गोष्ट हवेची. पॅकिंग मशीनची वीज बंद, कुलूप, बटणाला प्रतिसाद नाही, सगळं बरोबर, आणि अडकलेला खोका काढताच सिलेंडर सटकन पुढे. पाईपमध्ये हवा दाबून राहिलेली. हात मधे नव्हता हे नशीब. आता प्रत्येक हवेच्या लाईनला कुलूप लावता येईल असा आणि उरलेली हवा सोडणारा व्हॉल्व्ह आहे, वर उचललेल्या भागाखाली ठोकळा लावतो, आणि प्रत्येक मशीनवर तिच्यात काय काय साठून राहतं त्याचा तक्ता: वीज, हवा, स्प्रिंग, वजन, उष्णता.

शिफ्ट बदलाचा घोळ वेगळाच. संध्याकाळी काम अर्धवट, कुलूप लावणारा घरी, किल्ली त्याच्या खिशात, रात्रपाळीला मशीन हवी. एकदा कटर घेऊन कुलूप तोडायलाच निघाले होते. पायपर आल्फाचं त्याच आठवड्यात टूलबॉक्स टॉकमध्ये (कामावरच घेतलेली सेफ्टीची छोटी चर्चा) सांगितलं: ६ जुलै १९८८, समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म, एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसा दुरुस्तीला काढलेला, रात्रीच्या पाळीला ते कळलं नव्हतं, दुसरा पंप बंद पडला म्हणून हा सुरू करायला गेले. १६७ माणसं गेली. एरवी टॉकला जांभया देणारे ऐकत होते, कारण आदल्या रात्रीचं कटर सगळ्यांना आठवत होतं. आता जाणारा आणि येणारा मशीनपाशी समोरासमोर उभे राहून कुलूप बदलतात, कंट्रोल रूममध्ये हँडओव्हर चालत नाही. ह्यात शिफ्टची थोडी मिनिटं ओव्हरलॅप द्यावी लागली, त्याचा पगार वाढला, ते मंजूर करून घ्यायला पॅनलच्या लेबलांपेक्षा जास्त दमलो.

२६ मार्च

आवाज. मीटर उसना आणला, मोबाईलच्या अॅपवर भरवसा ठेवू नका, ते अंदाजापुरतं. आठ तासांना ८५ डेसिबल ही साधारण मर्यादा धरली, आणि दर ३ डेसिबलला चालणारा वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला चारच तास. प्रेस सगळ्यात मोठा असणार असं धरून गेलो, निघाली हवेची नळी, नुसता पाईप कापून जॉबवरचा कचरा उडवायला वापरायचे ती. आवाज कमी करणारे नोझल बसवले, हवेची गळती काढली, कॉम्प्रेसर पण आता कमी चालतो. इअरप्लग आधीपासून वाटलेले होते पण बहुतेकांच्या कानात अर्धे बाहेर. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत घालून फुगेपर्यंत धरून ठेवायचा, हे एकेकाला करून दाखवल्यावर फरक पडला.

९ एप्रिल

कंत्राटी माणसांकडून एकही कार्ड येत नव्हतं. त्यांचं इंडक्शन (कामावर घेताना द्यायची माहिती) म्हणजे रजिस्टरवर सही, काही जणांना तर त्यातलं अक्षर वाचता येत नाही. आता मशीनपाशी नेऊन दाखवतो आणि मग त्यालाच म्हणतो तू मला शिकव, इमर्जन्सी स्टॉप कुठे, कुठे हात घालायचा नाही. सांगता आलं तर सही. वेळ दुप्पट लागतो, ठेकेदार कुरकुरतो. पण कार्ड न टाकण्याचं कारण हे नव्हतंच, भीती होती उद्यापासून येऊ नको म्हणतील ह्याची. माणूस काढायचा असेल तर आधी आम्हाला कारण सांगायचं अशी अट करारात घातली. अर्धाच प्रश्न सुटला, त्यांची कार्डं येतात ती अजून दुसऱ्यांच्या हातून.

ह्याच आठवड्यात हातमोजे सक्तीचा जुना आदेश मागे घेतला. कोणीतरी उत्साहात "सर्व ठिकाणी हातमोजे" काढला होता, त्यात ड्रिल मशीनवालाही आला. फिरत्या ड्रिलला मोजा अडकला की हात ओढला जातो. पत्रा उचलताना कापापासून वाचवणारे मोजे, ड्रिलवर मोजे नाहीत, असं मशीनप्रमाणे लिहून लावलं.

२३ एप्रिल

फोर्कलिफ्ट आणि एक हेल्पर, वळणावर, हातभराचं अंतर राहिलं. पहिला अहवाल तासाभरात तयार, "चालकाला ताकीद देण्यात आली". तो बाजूला ठेवला आणि जागेवर गेलो. वळणाच्या कोपऱ्यात पॅलेट डोक्याच्या वर रचलेले, समोरचं दिसत नाही. चालायची पिवळी पट्टी आहे पण तिच्यावरही पॅलेट, म्हणून हेल्पर रस्त्यातून चालला. पॅलेट तिथे का, तर सगळे ट्रक एकाच वेळी येतात आणि माल आधीच काढून ठेवावा लागतो. चालकाला ताकीद देऊन ह्यातलं काय बदललं असतं?

कोपऱ्यात गोल आरसा लावला, धुळीने आठवड्यात आंधळा. पट्टी पुन्हा रंगवली, चाकांनी खरवडली गेली. शेवटी लोखंडी पाईपचं कठडं, कोपऱ्यात रचायची उंची कमी, आणि ट्रकच्या वेळा वाटून दिल्या. वेळा वाटणं हेच खरं औषध होतं आणि त्यात खर्च शून्य, फक्त डिस्पॅचवाल्याला खूप फोन करावे लागले. समोरचं झाकेल असा माल असेल तर फोर्कलिफ्ट रिव्हर्समध्येच.

१४ मे

महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेब गरम. रजिस्टरमध्ये दुखापती कितीतरी वाढल्या, एवढं करून उलटंच झालं म्हणे. पुन्हा स्टोअरच्या चिठ्ठ्या काढल्या: बँडेजचा खप कमी झालाय, नोंदी वाढल्यात. म्हणजे लागतंय कमी, लपतंय त्याहून कमी. १९३१ साली अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिखने एका मोठ्या दुखापतीमागे २९ किरकोळ आणि ३०० बिनदुखापतीचे प्रसंग असं प्रमाण मांडलं, त्या आकड्यांवर पुढे भरपूर टीका झाली आणि मीही ते कोणाला सांगत नाही, पण आमच्या जुन्या रजिस्टरात किरकोळही दोन-तीनच आणि प्रसंग तर शून्य, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही एवढं साहेबांना पटलं.

आता बोर्डावर लावतो ते वेगळं: किती कार्डं बंद झाली आणि सगळ्यात जुनं उघडं कार्ड किती दिवसांचं आहे. दुसरा आकडा मॅनेजरना टोचतो, म्हणून तोच मोठ्या अक्षरात. जे जमणार नाही त्यावर "नाही" आणि कारण लिहून परत लावतो. नकार माणसं मान्य करतात, उत्तरच न येणं करत नाहीत.

४ जून

आग लागल्याची ड्रिल, म्हणजे बाहेर पडायचा सराव, घेतली. मागच्या दाराला चोरीच्या भीतीने साखळी, तीही तेव्हाच सगळ्यांसमोर उघडी पडली. साखळी काढा म्हणल्यावर सिक्युरिटीचा विरोध, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, माल खरंच गेला होता. आतून दाबताच उघडणारा दांडा आणि दार उघडलं की वाजणारा अलार्म बसवला, दोघांचंही भागलं. सीओटूच्या फायर एक्स्टिंग्विशरना प्रेशरचा काटा नसतो, ते वजन करूनच कळतात, आमचे काही हलके निघाले, भरायला पाठवलेत.

२५ जून

काय राहिलंय ते. रात्रपाळीत वेल्डिंगची परमिटं (जागा बघून द्यायची लेखी परवानगी) शिफ्टच्या सुरुवातीला एकदम सही करून ठेवतात, जागा न बघता, कारण सही करणारा एकच माणूस आणि त्याला तीन ठिकाणी जायचं असतं. दुसऱ्या माणसाला सहीचा अधिकार द्यायचा प्रस्ताव टेबलावर पडून आहे. वेल्डिंगचा धूर ओढायला हूड मागवलेत, तोवर पंखा वेल्डरच्या बाजूने ठेवतो, समोरून ठेवला तर धूर तोंडावर येतो आणि ज्या वेल्डिंगला गॅसचं शील्डिंग असतं (जोडाला हवा लागू नये म्हणून सोडलेला गॅस) तिथे ते वाऱ्याने उडतं, ते बघून अंतर ठेवायचं. सगळ्यात जुनं उघडं कार्ड सध्या छतावरच्या गळतीचं आहे, पॅनलच्या अगदी वर, तात्पुरता पत्रा टाकलाय. पावसाचा जोर वाढायच्या आत ते करायचंय, फॅब्रिकेटर उद्या माप घ्यायला येतोय.